बाबासाहेबांनी दिलेलं जेफरसनचं वाक्य मुळात कुठे आहे? ‘फाउंडर्स ऑनलाइन’ची ओळख आणि परीक्षण

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉमस जेफरसनची दोन अवतरणं दिली. पहिल्याचा आशय असा: प्रत्येक पिढी म्हणजे एक वेगळं राष्ट्रच समजावं; बहुमताच्या इच्छेने तिला स्वतःला बांधून घेण्याचा हक्क आहे, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा हक्क तिला नाही, जसा तो परक्या देशातल्या माणसांना बांधण्याचा नाही. ठाणे आणि नवी मुंबईत संविधान दिनाला जी व्याख्यानं होतात, त्यांत हे वाक्य हमखास येतं. ते कोणत्या पत्रातलं, कुणाला लिहिलेलं आणि कशाबद्दल, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते शोधायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि पानांवर मुख्यतः मजकूरच असल्याने लोकलमध्ये नेटवर्क कमी असलं तरी सहसा उघडतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेबरोबर हे काम उभं केलं आणि जून २०१३ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. जॉर्ज वॉशिंग्टन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि त्यांचं कुटुंब, टॉमस जेफरसन, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन, आणि नंतर भर पडलेले जॉन जे, अशा अमेरिकेच्या सात संस्थापकांचा पत्रव्यवहार आणि लेखन त्यात आहे. एकूण दस्तऐवज १,८५,००० हून अधिक. यात त्यांनी लिहिलेली पत्रं आहेत तशी त्यांना आलेलीही आहेत, आणि खरा फायदा तिथेच आहे. निवडक पत्रांच्या पुस्तकात थोरामोठ्यांची उत्तरं छापलेली असतात. मुळात विचारलं काय होतं ते गायब असतं.

पहिलं अवतरण शोधताना नवखा माणूस हमखास अडतो. भाषणाच्या छापील मजकुरातून पूर्ण इंग्रजी वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हांत टाकायचं आणि शोध द्यायचा, की हाती काही लागत नाही. मग वाटतं, अवतरणच खोटं आहे. तसं नाही. भाषणात ‘विल ऑफ द मेजॉरिटी’ असं आहे, जेफरसनच्या पत्रात ‘विल ऑफ इट्स मेजॉरिटी’ असं. त्यातही हे ‘इट्स’ त्याने मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलंय, जी आज शाळेत चूक धरतात. तो आयुष्यभर असंच लिहायचा, आणि संपादकांनी ते मुद्दाम तसंच ठेवलंय. अवतरणचिन्हांतला शोध अक्षरशः जुळवणी करतो, त्यामुळे एका शब्दाचा फरकही निकाल शून्यावर आणतो. म्हणून वाक्यातला चार-पाच शब्दांचा, विरामचिन्ह नसलेला तुकडा घ्यायचा. इथे ‘ईच जनरेशन ॲज अ डिस्टिंक्ट नेशन’ एवढा तुकडा पुरतो. तो मूळ इंग्रजी लिपीत अवतरणचिन्हांत टाकायचा आणि लेखकाच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) जेफरसन निवडायचा.

पत्र मिळतं ते २४ जून १८१३ चं, जॉन वेल्स एप्सला लिहिलेलं. एप्स जेफरसनचा जावई. जेफरसनची धाकटी मुलगी मारिया १८०४ मध्येच वारली होती, पण सासऱ्या-जावयाचा पत्रव्यवहार चालू राहिला. १८१३ मध्ये एप्स अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता आणि देश ब्रिटनशी लढत होता. युद्धाला पैसा कुठून आणायचा, हा पत्राचा विषय. जेफरसन त्याला सांगतो की एक डॉलरही कर्ज घ्यायचं असेल, तर त्याच क्षणी दरवर्षी व्याज भागवणारा आणि ठरलेल्या मुदतीत मुद्दल फेडणारा कर बसवावा. पिढीचं वाक्य त्या मुद्द्याला आधार म्हणून येतं. म्हणजे जेफरसन बोलत होता सार्वजनिक कर्जाबद्दल. बाबासाहेबांनी ते राज्यघटनेच्या दुरुस्तीच्या हक्काला लावलं, पण तो विचार जेफरसनकडेही त्या अंगाने होताच, कारण २४ वर्षं आधी त्याने हेच कायदे आणि राज्यघटना दोन्हींबद्दल लिहिलं होतं. वाक्य ज्या पानावर आहे ते अख्खं पान वाचल्याशिवाय हे समजत नाही.

दुसरं अवतरण, राष्ट्राच्या उपयोगासाठी स्थापलेल्या संस्थांना हात लावता येत नाही या कल्पनेवरचं, २१ जुलै १८१६ च्या पत्रात आहे. ते न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर विल्यम प्लमर याला लिहिलेलं. तिथे वाद डार्टमथ महाविद्यालयाच्या सनदेचा होता. राज्याला ती बदलायची होती, जेफरसन राज्याच्या बाजूने होता. १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याविरुद्ध दिला. हे वाक्य व्याख्यानात वापरणाऱ्याने एवढा संदर्भ जवळ ठेवावा.

आता त्या २४ वर्षं आधीच्या पत्राकडे. ६ सप्टेंबर १७८९, पॅरिसहून मॅडिसनला. पृथ्वी जिवंत माणसांच्या मालकीची आहे, पण ‘यूसूफ्रक्ट’ म्हणून, असं जेफरसन म्हणतो. हा शब्द ज्याला अडेल त्याने आपलं कब्जेगहाण आठवावं. कब्जेगहाण घेणारा शेताचं पीक खातो, जमीन मात्र त्याची होत नाही, तिची खराबी करण्याचा हक्क त्याला नसतो. पिढीने देश तसाच वापरावा, असं त्याचं म्हणणं. पुढे तो चक्क गणित करतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँच्या मृत्युसारणीवरून तो हिशेब लावतो की एखाद्या दिवशी हयात असलेल्या २१ वर्षांवरच्या माणसांतली निम्मी १८ वर्षं ८ महिन्यांत गेलेली असतील, म्हणून सोयीचा पूर्णांक १९. कुठलंही कर्ज, कुठलाही कायदा १९ वर्षांपलीकडे आपोआप बांधील नाही. हे पत्र त्याने लगेच पाठवलं नाही. अमेरिकेला परतल्यावर जानेवारी १७९० मध्ये मॅडिसनकडे धाडलं. मॅडिसनचं ४ फेब्रुवारी १७९० चं उत्तर शेजारी ठेवूनच हे पत्र वाचावं. तो मान राखून एकेक खांब हलवतो: काही कर्जं पुढच्या पिढ्यांच्या भल्यासाठीच घेतलेली असतात, देशावरचं तेव्हाचं कर्जही तसंच, आणि दर १९ वर्षांनी सगळे कायदे संपले तर मालमत्तेचे हक्क कशावर उभे राहणार? संकेतस्थळावर या पत्राआधी एक मोठी संपादकीय टीप आहे. ती टाळू नका. या एका पत्राचा अख्खा इतिहास तिच्यात आहे.

या टिपांसाठीच हे संकेतस्थळ मोलाचं आहे. नुसता मजकूर इतर ठिकाणीही सापडेल. इथला मजकूर मात्र विद्यापीठांनी गेली कित्येक दशकं छापत आणलेल्या खंडांतून आलेला आहे (जेफरसनचा पहिला खंड १९५० चा), आणि पत्राखाली त्या खंडांतल्या टिपा जशाच्या तशा आहेत. मूळ पत्र कुठल्या संग्रहात आहे, पाठवलेली प्रत आहे की लिहिणाऱ्याने ठेवलेली नक्कल, पत्र केव्हा पोहोचलं, मजकुरातला ‘तो गृहस्थ’ कोण, हे सगळं तिथे मिळतं.

पण सगळ्या पत्रांना टिपा नाहीत. इथे वापरणारे सर्वाधिक फसतात. ज्या काळाचे छापील खंड अजून निघायचे आहेत, त्या काळाची पत्रं ‘अर्ली ॲक्सेस’ या शिक्क्याखाली ठेवली आहेत. तो कच्चा पाठ. अंतिम नाही, अशी सूचना पानावरच असते, पण मोबाइलवर ती नजरेतून सुटते. ओळखायची सोपी खूण पत्त्यात आहे. दस्तऐवजाच्या दुव्याच्या शेवटी आकड्यांचे गट असतात: पहिला गट मालिकेचा, दुसरा खंडाचा. एप्सच्या पत्राची सुरुवात ०३-०६ अशी, म्हणजे निवृत्तीनंतरच्या पत्रांची मालिका, सहावा खंड. पहिला गट ९९ असेल, तर तो कच्चा पाठ समजावा.

याने काय बिघडतं ते एका पत्रावर नीट दिसतं. ॲडम्स आणि जेफरसन अनेक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बेंजामिन रश या दोघांच्या मित्राने मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने पहिलं पत्र धाडलं, अगदी छोटंसं. त्यात म्हटलं होतं की आमच्याकडे नुकत्याच तयार झालेल्या ‘होमस्पन’चे दोन नग पाठवतो आहे, ज्याने ते तयार केले त्याच्याकडे त्याच्या लहानपणी तुमचं लक्ष असायचं. होमस्पन म्हणजे घरी सूत कातून विणलेलं जाडंभरडं कापड. टिपेशिवाय हे वाचणारा समजेल की ॲडम्सने कापडाचे दोन तागे पाठवले. जेफरसनलाही तसंच वाटलं! पार्सल मागे राहिलं होतं, पत्र आधी पोहोचलं. २१ जानेवारीच्या उत्तरात त्याने व्हर्जिनियात घरोघरी सूतकताई कशी चालते, कुठली यंत्रं कुटुंबाला परवडतात, यावर मोठा मजकूर लिहिला. पार्सल उघडलं तेव्हा त्यात ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याच्या वक्तृत्वकलेवरच्या व्याख्यानांचे दोन खंड निघाले. २३ जानेवारीला जेफरसनने दुसरं पत्र लिहून स्वतःची चूक कबूल केली. आता, १ जानेवारीचं पत्र या संकेतस्थळावर दोनदा येतं. जेफरसनच्या मालिकेतल्या पानावर टीप आहे. ॲडम्सच्या मालिकेत ते ९९ खाली आहे, टिपेविना. शोधात नेमकं दुसरं पान आधी आलं, तर वाचणारा १८१२ मधली चूक पुन्हा करणार. म्हणून दोन्ही बाजूंचे संग्रह इथे असतील तर पत्र दोन्हींत बघावं आणि ज्यात टिपा आहेत ते निवडावं.

शोधाबद्दल आणखी थोडं. डाव्या बाजूच्या चाळण्या जास्तीत जास्त वापराव्यात: लेखक, प्राप्तकर्ता, आणि कालखंड, म्हणजे वसाहतकाळ, क्रांतियुद्ध, राज्यसंघाचा (राज्यघटनेआधीचा) काळ आणि मग एकेका अध्यक्षाची कारकीर्द. दोघांमधला संवाद वाचायचा असेल तर निकाल तारखेच्या क्रमाने लावून घ्यावा, नाहीतर जुळणीच्या क्रमाने १८२० चं पत्र १७९० च्या आधी येतं. तारखेच्या क्रमातही एक खाच आहे. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये पत्राला दोन महिने सहज लागायचे. मॅडिसनने नव्या राज्यघटनेचं वर्णन करणारं लांबलचक पत्र २४ ऑक्टोबर १७८७ ला लिहिलं, जेफरसनचं त्यावरचं उत्तर २० डिसेंबरचं, ज्यात हक्कांची सनद नाही ही त्याची मुख्य तक्रार. मधल्या तारखांची पत्रं एकमेकांना उत्तर देत नाहीत, ती वाटेत ओलांडतात. कुठलं पत्र कुणाला केव्हा पोहोचलं हे टिपेत बघूनच क्रम लावा.

टोपणनावांचंही तसंच. ॲबिगेल ॲडम्स नवऱ्याला लिहिताना ‘पोर्शिया’ अशी सही करते. वृत्तपत्रांतले लेख तर जवळपास सगळेच टोपणनावाने. ‘पब्लियस’ म्हणजे हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे मिळून. फ्रान्स-ब्रिटन युद्धात अमेरिकेने तटस्थ राहावं का, या १७९३ च्या वादात ‘पॅसिफिकस’ म्हणजे हॅमिल्टन आणि त्याला उत्तर देणारा ‘हेल्विडियस’ म्हणजे मॅडिसन. नव्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले पब्लियसचे ८५ निबंध (‘फेडरलिस्ट पेपर्स’) ऑक्टोबर १७८७ पासून निघाले, त्यांतल्या १२ निबंधांवर हॅमिल्टन की मॅडिसन हा वाद दीडशे वर्षांहून अधिक चालला. या संकेतस्थळावर त्याची खूण राहिली आहे: ५१ वा निबंध हॅमिल्टनच्या संग्रहात दोघांच्या नावाने आहे, तोच मॅडिसनच्या संग्रहातही आहे. १९६४ मध्ये दोन संख्याशास्त्रज्ञांनी शब्दांची वारंवारिता मोजून हे १२ निबंध मॅडिसनचे ठरवले. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहायचा, मॅडिसन ‘व्हिल्स्ट’. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टनच्या हातून सतत येतो, मॅडिसनच्या क्वचित. कॉलेजातल्या मुलांना हा प्रयोग या मजकुरावर स्वतः करून पाहता येईल.

भाषेचं काय? मराठीत काही नाही, आणि ब्राउझरचं यंत्र-भाषांतर इथे चालवू नये. जुन्या पत्रात ‘युअर फेवर ऑफ द ट्वेल्फ्थ इन्स्टंट’ म्हणजे ‘तुमचं या महिन्याच्या १२ तारखेचं पत्र’. ‘फेवर’ म्हणजे पत्र. यंत्र तिथे ‘कृपा’ लिहितं आणि वाक्याचं वाटोळं होतं. ‘अल्ट.’ म्हणजे मागच्या महिन्याची तारीख. ‘कँडिड’ म्हणजे स्पष्टवक्ता असं नव्हे, तर मनात किल्मिष न ठेवणारा. ‘डिस्कव्हर’ पुष्कळदा ‘उघड करणे’ या अर्थाने. १७९० च्या दशकातला ‘रिपब्लिकन’ म्हणजे जेफरसन-मॅडिसनचा पक्ष. आजच्या त्याच नावाच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही. शेवटचं ‘आज्ञाधारक सेवक’ हे फक्त शिष्टाचाराचं. पेशवाईतल्या पत्रांचे खंड ज्यांनी चाळले आहेत, त्यांना हे जड जाणार नाही. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ यातून मुद्द्यापर्यंत यायची आणि ‘छ’ लावलेल्या चंद्राची तारीख उलगडायची सवय असलेला वाचक इथे लवकर रुळतो. मायना ओलांडायचा, मजकुरावर यायचं.

जेफरसन आणि मॅडिसन काही मजकूर सांकेतिक आकड्यांत लिहीत. छापताना तो उलगडून तिरप्या अक्षरांत दिला आहे. ती तिरपी अक्षरं म्हणजे जोर नव्हे, टपालात कुणी फोडून वाचू नये म्हणून लपवलेला भाग. आणि कंस: चौकोनी कंस, टोकदार कंस यांचे अर्थ प्रत्येक संग्रहात थोडे वेगळे आहेत. वॉशिंग्टनच्या संग्रहातला नियम जेफरसनला लावू नका.

खोटी अवतरणं पकडायला हे साधन उत्तम आहे. अखंड जागरूकता ही स्वातंत्र्याची किंमत आहे, हे वाक्य जेफरसनच्या नावाने व्हॉट्सॲपवर आणि स्पर्धा परीक्षेच्या निबंधांत फिरतं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. उलट ‘स्वातंत्र्याच्या झाडाला वेळोवेळी देशभक्तांच्या आणि जुलमींच्या रक्ताने ताजं करावं लागतं’ हे खरंच त्याचं आहे, १३ नोव्हेंबर १७८७, विल्यम स्टीफन्स स्मिथला. पोस्टरवर पुढचं छोटं वाक्य गाळलेलं असतं: ते त्याचं नैसर्गिक खत आहे. आणि हे त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांच्या बंडाबद्दल, पॅरिसमध्ये बसून लिहिलं, हेही गाळलेलं असतं. शोध रिकामा आला तर लगेच ‘खोटं’ म्हणू नका. आधी स्पेलिंग बदलून पाहा. ‘पब्लिक’ला शेवटी के, ‘चूज’ यूने, ही तेव्हाची सर्रास रूपं.

संपूर्णतेचा फायदा सर्वांत ठळक दिसतो तो बेंजामिन बॅनेकरच्या बाबतीत. बॅनेकर हा मेरीलँडमधला स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, स्वतःच्या अभ्यासाने खगोलगणित शिकलेला. १९ ऑगस्ट १७९१ ला त्याने परराष्ट्रमंत्री जेफरसनला पत्र लिहिलं, सोबत आपल्या पंचांगाचं हस्तलिखित. सगळी माणसं समान आहेत असं तुम्हीच १७७६ मध्ये लिहिलंत, आणि त्याच वेळी माझ्या इतक्या बांधवांना गुलामीत ठेवलंत, असं तो थेट विचारतो. जेफरसनचं ३० ऑगस्टचं उत्तर थोडक्यात आणि आदराचं आहे. पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव कोंदोर्से यांच्याकडे पाठवल्याचं त्यात कळवलंय. बहुतेक संकलनं इथे थांबतात, आणि वाचकाचा समज होतो की जेफरसनचं मन बदललं. या संकेतस्थळावर बॅनेकरचं नाव टाकून तारखेने पुढे जा. ८ ऑक्टोबर १८०९ ला जोएल बार्लोला लिहिलेल्या पत्रात जेफरसन म्हणतो की बॅनेकरच्या मोठ्या पत्रावरून त्याची बुद्धी अगदी सामान्य वकुबाची दिसते, आणि त्याच्या गणितात दुसऱ्याची मदत असावी अशी शंकाही घेतो. तोवर बॅनेकर वारला होता. ही तीन पत्रं एकत्र वाचली पाहिजेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या माणसांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ नीट लावायचा, तर ती गुलामगिरी कुणी सांभाळली होती हेही समजून घ्यायला हवं, आणि ते सांभाळणाऱ्यांच्याच हस्ताक्षरात इथे आहे.

उणिवा आता. हस्ताक्षर मी म्हटलं खरं, पण हस्तलिखितांच्या प्रतिमा इथे नाहीत, फक्त छापील पाठ. मूळ कागद बघायचा तर वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन यांच्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं संकेतस्थळ, आणि जॉन-ॲबिगेलच्या पत्रांसाठी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचं. दोन्ही फुकट. इथे पाठ वाचायचा, तारीख टिपून घ्यायची, तिथे प्रतिमा काढायची. दुसरी उणीव अधिक मोठी. हा सात घरांचा पत्रव्यवहार आहे. क्रांतीचा पत्रकलेखक टॉमस पेन किंवा कृष्णवर्णीय कवयित्री फिलिस व्हीटली इथे भेटतात ते या सातांपैकी कुणाला तरी पत्र लिहिल्यामुळे. स्त्रियांमध्ये ॲबिगेलचा आवाज भरपूर. मार्था वॉशिंग्टनने मात्र नवऱ्याबरोबरची पत्रं जवळजवळ सगळी जाळली, त्यामुळे तो संसार इथे नाही. राबणाऱ्या माणसांचा हिशेब दिसतो, आवाज फारच थोडा.

मोबाइलवर वाचताना टिपा पानाच्या अगदी तळाशी असतात. आकड्यावर टिचकी मारून खाली जावं लागतं, परत वर यावं लागतं. लांब पत्राला हे कंटाळवाणं होतं. तेव्हा छापून वाचणं बरं. पब्लियसचा १० वा निबंध साधारण तीन हजार शब्दांचा, १२ च्या टायपात ए-फोरची पाच-सहा पानं. मजकूर फाइलमध्ये उतरवताना शेवटची ‘साइट ॲज’ची (संदर्भ कसा द्यावा हे सांगणारी) ओळ आणि कायमचा दुवा जरूर बरोबर घ्या, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल केल्यावर कुठलं पत्र कुठून आलं हे त्याशिवाय सापडत नाही. डावीकडे इंचभर समास सोडा, नाहीतर स्पायरलची भोकं ओळीवर येतात. पत्रं दोनशे वर्षांची आहेत, पण टिपा विद्यापीठांच्या हक्काच्या आहेत. स्वतःच्या किंवा मंडळाच्या वाचनासाठी प्रत ठीक, पुस्तक करून विकू नये. मराठी लेखात संदर्भ देताना लेखक, प्राप्तकर्ता, तारीख, खंड, पान आणि दुवा इतकं द्यावं. नुसतं ‘जेफरसन’ लिहून सोडलं तर पुढच्या वाचकाला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

सुरुवात करणाऱ्यांनी ॲबिगेल आणि जॉनपासून करावी. ३१ मार्च १७७६ ला ती लिहिते, नवे कायदे करताना बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. १४ एप्रिलला जॉन हसण्यावारी नेतो. मग ३ जुलैचं पत्र: स्वातंत्र्याचा ठराव झाला तो २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या रोषणाई आणि मिरवणुकांनी साजरा करतील, असं तो तिला सांगतो. तारीख दोन दिवसांनी चुकली (सण ४ जुलैला होतो), बाकी सगळं खरं ठरलं. ही तिन्ही पत्रं चांगल्या टिपांसह आहेत आणि इंग्रजीही सोपं आहे. तिथून १७८७ ते १७९० चे मॅडिसन-जेफरसन, मग १८१२ नंतरचे दोन म्हातारे, ॲडम्स आणि जेफरसन. ॲडम्स एका उत्तराला दोन पत्रं टाकायचा. दोघंही ४ जुलै १८२६ ला, काही तासांच्या अंतराने गेले.

ठाण्याच्या वाचकासाठी एक शोध सुचवतो. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला, तोच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच महिन्यांत अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांविरुद्ध एकत्र येत होत्या. जॉन ॲडम्स युरोपात अमेरिकेचा वकील (राजदूत) असताना, १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच्या पत्रव्यवहारात हैदर अलीच्या बातम्या येतात. इंग्रज हिंदुस्थानात किती गुंतले आहेत यावर तहाची गणितं अवलंबून होती. हैदर, मराठे, मुंबई ही नावं तेव्हाच्या तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, क्रांतियुद्धाचा कालखंड निवडून, ॲडम्स आणि फ्रँकलिन या दोन संग्रहांत टाकून बघा. इंग्रजांचा मराठ्यांशी साल्बाईचा तह मे १७८२ चा आहे, अमेरिकेशी प्राथमिक तह ३० नोव्हेंबर १७८२ चा. या दोन तारखांच्या मधली पत्रं आधी काढा.